दोन फुलांची ढाल

बोलताना टेकचंदभाऊ समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, खांद्याकडे बघत. नवा माणूस गोंधळून मागे वळायचा, कोणी उभे आहे का म्हणून.

कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करत. ताट, टोपली, भिंतीवरचा फोटो, माझे पुस्तक. पुस्तकाची मागची बाजू कोरी निघाली तर जरा नाराज होत.

बाजारात भांड्यांच्या दुकानापुढून सरळ जात नसत. परातीला नखाने टिचकी मारत, ऐकत आणि न घेताच पुढे निघत. दुकानदार सवयीने विचारायचा, "झाली का पूजा, भाऊ?"

चहा बशीत ओतून डाव्या हाताने पीत. बशी तोंडाला लावेपर्यंत छातीच्या जरा पुढे धरून ठेवत.

पंगतीत शेवटची जागा घेत, तीही डावे अंग भिंतीकडे येईल अशी. डाव्या हाताने जेवताना कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून.

उजवा हात दुपट्ट्याखाली असे. नमस्कार करताना हातांबरोबर दुपट्टाही वर येई.

छत्रीत दोघे असलो तर त्यांचा एक खांदा भिजलेला असे. माझा कधी भिजला नाही.

या सवयी मी कितीतरी वर्षे पाहत होतो. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे वाटले नव्हते. गेल्या भाद्रपदात, सकाळी, टेकचंदभाऊ धानाच्या बांधीतले पाणी बघायला शेतावर गेले. शेताच्या कडेच्या धुऱ्यावर बसले. शेजारच्या शेतातल्या गड्याला वाटले, तंबाखू मळत असतील. बराच वेळ ते हलले नाहीत, तेव्हा तो जवळ गेला. अंगात जीव नव्हता.

त्यांना घरी आणले तेव्हा मी त्यांच्या अंगणातच होतो. मला रडू आले नाही. त्यांची बशी धरण्याची रीत तेवढी आठवत राहिली. अजून तेच होते. म्हणून हे लिहितो आहे. लिहिले की कदाचित माझ्या लक्षात येईल, काय झाले ते.

टेकचंदभाऊ सानगडीचे. थोडी धानाची शेती, एक बैलजोडी, निर्मलाबाई. मूलबाळ नव्हते. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, तरी मित्र. गावाला ते शेतकरी म्हणून माहीत होते, पण ओळख सांगताना लोक म्हणत, "तोच गा, दंडारीत मरते तो."

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकीजावई येतात, दुकाने लागतात आणि दिवसाउजेडी चौकात दंडार उभी राहते. गाणी, सोंगे, नाच. आमच्या गावच्या दंडारीत शेवटी लढाई असते. गडावर एक राणी. गड घ्यायला आलेला शत्रू. राणीचा सरदार शत्रूला मारतो, राणी सरदाराला हार घालते, लोक धोतर झटकून उठतात. गोष्ट एवढीच. लहान पोरांनाही पाठ होती. तरी लढाईपर्यंत कोणी जागा सोडत नसे.

तरुणपणी टेकचंदभाऊ सरदार होत. गावच्या आखाड्यात तेव्हा फरी-गदका शिकवत. गदका म्हणजे कातड्याने मढवलेली काठी, तलवारीच्या जागी. फरी म्हणजे छोटी गोल ढाल. सगळ्यांचा जीव गदक्यात असायचा. फरी हातात असते म्हणून असायची. टेकचंदभाऊंचेही तसेच होते. त्यांनीच सांगितले, त्या काळात फरी कोणत्या हातात आहे हेही ते विसरून जात.

१९७२च्या उन्हाळ्यात ते तुमसरला एका राइस मिलमध्ये कामाला गेले. निसटलेला पट्टा बसवताना उजवा हात ओढला गेला. अंगठा राहिला. चार बोटे गेली.

गावी परतले तेव्हा लोक भेटायला आले. शेती कशी होईल, नांगर कसा धरशील, हेच सगळे विचारत होते. निर्मलाबाई सांगत, सगळे गेल्यावर एवढेच म्हणाले, "मंडईत माह्या जागी कोन हाये?"

त्यांना लढाईत जागा हवी होती. दुसरे काही ते मागत नव्हते. नांगर त्यांनी पुढे अंगठ्याने आणि मनगटाने दाबून धरायला शिकून घेतला, त्याचे त्यांना कौतुक नव्हते. जागेचे मात्र मनातून जाईना.

दंडारीचे सगळे केवळराम बघत. तेच राणी होत. मंडईच्या आधी मिशा काढत आणि महिनाभर गावच्या चेष्टा सोसत. त्यांनी टेकचंदभाऊंना समजावले. तुम्ही आता उस्ताद व्हा, खाटेवर बसून चुका सांगा, मान तुमचाच. टेकचंदभाऊ म्हणाले, मान नको, शत्रूचं काम द्या. तिथे सायकल दुरुस्तीवाले श्यामराव बसले होते. आखाड्यात दोघे एकत्र शिकलेले. सरदाराचे काम आता श्यामरावांकडे आले होते.

श्यामराव म्हणाले, "टेकचंद, एका हातानं टाळी नाई वाजत गा. लढाई कशी होईन?"

"टाळी तू वाजव," टेकचंदभाऊ म्हणाले. "मी हात पुढं ठेवतो."

सगळे हसले. श्यामरावही हसले. कोणी हो म्हटले नाही.

तेव्हापासून सकाळी घराच्या मागे एक खेळ सुरू झाला. टेकचंदभाऊ डाव्या हातात सूप धरून उभे राहत. निर्मलाबाई खराट्याने त्यांना मारत. वरून, खालून, बाजूने, जसे जमेल तसे. शेजारच्या कुंताबाईंनी एकदा कुंपणावरून हे पाहिले आणि पदर खोचून मध्ये पडायला आल्या.

"अवो निर्मला, सोड त्याले. आधीच हात गेला बिचाऱ्याचा."

"मी कायले मारू? तेच म्हनतेत मार," निर्मलाबाई म्हणाल्या. "अन् लागत तं नाई एकबी."

कुंताबाईंनी खराटा मागून घेतला आणि स्वतः मारून पाहिला. त्यांचाही लागला नाही. हे गावात पसरायला संध्याकाळ लागली नाही.

सूप फाटले. दंडारीच्या पेटीतल्या ढाली कामाच्या नव्हत्या. बांबूच्या कांबीवर कागद, भाताच्या पेजेने चिकटवलेला. सोंगे उन्हात वाळत घातली असताना त्यातली एक ढाल गाईने खाल्ली होती. पेज म्हटल्यावर ती कशाला सोडेल? ढाल तलवारीपुढे टिकावी असे कोणाला वाटतही नव्हते. ती दिसली म्हणजे झाले.

गावात मालगुजाराच्या ओसरीवर एक जुनी ढाल टांगलेली होती. काळी, गोल, मध्ये चार पितळी फुले. येताजाता सगळ्यांनी पाहिलेली. टेकचंदभाऊंनी ती खाली काढायची परवानगी मागितली. मिळाली. त्यांनी ढाल उलटी केली.

मागे एक चपटी गादी होती, कापूस दबून कडक झालेली. गादीवर दोन बंद. एकात हात कोपरापर्यंत जायचा, दुसरा मुठीत यायचा. बंद कड्यांना बांधलेले होते आणि प्रत्येक कड्याचे टोक कातड्यातून पलीकडे गेले होते. पलीकडे त्या टोकावर फूल ठोकले होते. म्हणजे समोरची चार फुले शोभेची नव्हती. मागचे बंद त्यांनी धरून ठेवले होते.

मला हे सांगताना इतक्या वर्षांनीही त्यांचा आवाज खाली येई, देवघरात बोलल्यासारखा. "मांगून पाह्यल्याशिवाय काईच समजत नाई, घनश्याम," ते म्हणत. मग त्यांना सवयच लागली.

त्यांनी म्हशीचे कातडे आणले. चुन्यात भिजवले, केस काढले, जमिनीत परातीसारखा खड्डा करून ओले कातडे त्यात बसवले आणि दबाव म्हणून वरून धान भरले. वाळले की त्याला खड्ड्याचा आकार येतो. भावकीतल्या काहींनी नाके मुरडली. कुणब्याने कच्च्या कातड्याला हात लावायचा म्हणजे काय? निर्मलाबाईंनी एकच अट घातली. अंगणात काय करायचे ते करा, घरात पाय ठेवायच्या आधी आंघोळ. पहिली ढाल कुत्र्याने ओढून नेली. दुसरी वाकडी झाली. तिसरी बसली. तिला त्यांनी जवसाचे तेल आणि काजळ चोळून काळी केली आणि भंडाऱ्याला जाऊन तांबटाकडून चार फुले करवून आणली. कारध्याच्या पुलावरून परत येताना ती फुले ते दुपट्ट्यात वाजवत आले.

तालमीच्या दुपारी ते ढाल घेऊन देवळापुढे आले आणि श्यामरावांना म्हणाले, मार. श्यामराव आधी हळू मारत होते, मित्राला लागू नये म्हणून. मग जोरात. मग रागाने. सगळे वार ढालीवर वाजले. केवळरामांनी तिथल्या तिथे गोष्टीत एक ओळ घातली, शत्रूची तलवार गडाच्या दारातच मोडली. आता शत्रूला फक्त ढाल पुरे होती.

अशी त्यांना जागा मिळाली. आणि त्याच वर्षी गेली.

१९७४ची मंडई. मी तेव्हा शाळेत होतो, पुढच्या रांगेत मातीत बसलो होतो. लढाई सुरू झाली. लोखंडी तलवार पितळेच्या फुलावर बसली की चौकाच्या चारही बाजूंना आवाज जाई. असा आवाज आमच्या दंडारीत कधी झाला नव्हता. लोक पुढे सरकले. शेवटी सरदार आरोळी ठोकतो आणि डोक्यावरून वार करतो, त्यावर शत्रू पडतो, असे ठरलेले. श्यामरावांनी आरोळी ठोकली. वार केला. तो ढालीवर वाजला.

टेकचंदभाऊ उभेच.

श्यामरावांनी पुन्हा आरोळी ठोकली. पुन्हा वाजला. पेटीवाल्याने मरणाचे सूर धरले होते, ते त्याने पहिल्यापासून परत वाजवले. शत्रू मरेना. लोकांना आधी वाटले काही नवे बसवले आहे. मग कळले, आणि हशा उसळला. गर्दीने बाजू बदलली. ज्याने मरायचे त्याच्या नावाने शिट्ट्या वाजू लागल्या. राणी गडावर, म्हणजे बैलबंडीवर, हार घेऊन उभी होती.

"मरा ना जी आता," केवळराम राणीच्या आवाजात म्हणाले. "हार सुकून राहिला."

श्यामरावांचा दम संपला. तलवार टेकून ते मातीत बसले. हार कोणालाच पडला नाही. गावाच्या आठवणीत पहिल्यांदा गड गेला.

पुढे कितीतरी दिवस श्यामरावांच्या दुकानात सायकल घेऊन येणारा प्रत्येक जण विचारायचा, राणी कुठे ठेवली. काही तर सायकल न आणताच येत. श्यामरावांनी केवळरामांना सांगितले, तो असेल तिथे मी नाही. केवळरामांनी टेकचंदभाऊंच्या अंगणात येऊन तेच सांगितले आणि उभ्या उभ्या निघून गेले.

या दिवसाबद्दल मी त्यांना मोठेपणी विचारले. मुद्दाम केले का, म्हणून. त्यांनी पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघ ओढली.

"मले मराचं होतं," ते म्हणाले. "हात खाली येईना. दोन वर्स त्याले शिकवलं, एकबी वार आत येऊ नको देऊ. येऊ द्याचा कसा, हे शिकवाचंच राहून गेलं."

वर्षभर ते श्यामरावांच्या दुकानाकडे फिरकले नाहीत. श्यामराव रस्त्यात दिसले तर दुसऱ्या गल्लीने जात. ढाल गोठ्यात टांगलेली होती. निर्मलाबाई सांगतात, त्या वर्षी त्यांनी कसलीच वस्तू उलटी करून पाहिली नाही. मला यावरून त्यांची अवस्था कळते.

मंडई जवळ आली तेव्हा एका सकाळी ते ढाल खांद्याला अडकवून दुकानात गेले. श्यामराव चाकाचे आरे आवळत होते. त्यांनी वर पाहिले नाही. टेकचंदभाऊ बाकावर बसले. माफी मागायला आलेला माणूस जे बोलतो ते त्यांना सुचले नाही. त्यांनी भलतेच विचारले.

"श्यामराव, तुह्या हातातला कोनता वार तुले सगळ्यात आवडते?"

श्यामरावांचा पाना थांबला. सगळे त्यांची तलवार बघत, पण हे त्यांना कोणी विचारले नव्हते. ते उठले. हातातला पानाच तलवारीसारखा धरला आणि खालून डावीकडून वर जाणारा एक वार हवेत काढून दाखवला. दंडारीत तो कधी करत नसत, कारण समोरचा नेहमी घाबरून मागे सरके.

"मंग शेवटी तोच कर," टेकचंदभाऊ म्हणाले. "मी त्याच्यावर मरतो."

श्यामरावांनी पाना खाली ठेवला. चहा मागवला. मागे मोकळ्या जागेत दुपारपर्यंत दोघे तो एकच वार करत राहिले.

घरी निर्मलाबाईंना पुन्हा खराटा उचलावा लागला. "आता मराचंबी मीच शिकवू का?" त्या म्हणाल्या. तरी शिकवले. टेकचंदभाऊ अंगणात कितीदा पडले याची गणती नाही. कुंताबाई या वेळी मध्ये पडल्या नाहीत. कुंपणावर हात ठेवून सूचना करत राहिल्या.

त्या वर्षीची लढाई मी विसरणार नाही. तेव्हा मला कळले नव्हते मी काय पाहिले. आता कळते. गेल्या खेपेला ढाल वार अडवत होती. या खेपेला ती वारासाठी उभी होती. श्यामराव मारतील तिथे फूल पुढे येई आणि घंटेसारखे वाजे. त्यांचा साधा वारही मोठा वाटे, कारण टेकचंदभाऊ त्याने एक पाऊल मागे जात. जुन्या लढाईत ढालीने वार सरळ झेलत नाहीत, तिरपा करून बाजूला जाऊ देतात, हे त्यांना ठाऊक होते. पण चौकात त्यांनी काही वार सरळ घेतले, आवाजासाठी. संध्याकाळी हात काळानिळा झाला होता. शेवटी तो खालून येणारा वार आला. ढाल हळूच वर गेली, त्याला वाट करून दिली, आणि टेकचंदभाऊ पडले. बायकांमध्ये कोणीतरी हुंदका दिला. केवळराम हार घालायचे क्षणभर विसरले.

निर्मलाबाई त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. इतकं खरं मरायचं कशाला, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यानंतर साकोलीपासून लोक आमची मंडई बघायला येऊ लागले. येत ते श्यामरावांची तलवार बघायला. परतताना तलवारीचेच बोलत. टेकचंदभाऊ गर्दीतून ढाल काखेत घेऊन जात असत आणि ते बोलणे ऐकून खुश होत. त्यांना जागा हवी होती, ती मिळाली होती. तिथे उभे राहून काय करायचे तेही त्यांना सापडले होते.

आता माझे.

१९८०मध्ये मी भंडाऱ्याहून मराठी घेऊन बी.ए. होऊन गावी आलो. नोकरी नव्हती. अर्ज करत होतो. घरात कोणी काही म्हणत नसे, त्याचाच त्रास जास्त होई. त्या वर्षी श्यामरावांचे गुडघे गेले. केवळरामांना सरदार हवा होता. याला पाठांतर आहे, एवढ्या गुणावर त्यांनी मला उभे केले.

मला तलवार धरता येत नव्हती. मनगट वळायचे, पाय अडकायचे. तालमीत माझा वार जमिनीवर बसला, एकदा राणीच्या बंडीच्या चाकावर. श्यामराव खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, "चाक मी नीट करून देईन, पन ह्याचं काई होत नाई."

मी तलवार ठेवून निघालो. टेकचंदभाऊ मागून आले. ते माझ्या खांद्याकडे बघत होते.

"तुहा खांदा पडेल हाये," ते म्हणाले. "गावात आला तवापासून पाहून राहिलो. वार हाताचा नसते गा, खांद्यातून निघते. मले आधी तेथंच दिसते."

मी म्हणालो, माझ्या खांद्यात काही नाही. तुम्ही दुसरा सरदार बघा.

"तू माह्याकडं पाहू नको," ते म्हणाले. "तुले जेथं मारावंसं वाटते तेथं मार. मी येतो."

मंडईच्या दिवशी मी डोळे अर्धे मिटून मारत होतो. खरेच सांगतो, एकही वार ठरल्या जागी गेला नाही. पण प्रत्येक वार वाजला. जिथे माझी तलवार जाई तिथे ढाल आधीच पोचलेली असे. माझा पाय घसरला तर ते असे मागे रेलत की मीच त्यांना रेटले असे वाटे. थोड्या वेळाने मला आवाजाची सवय झाली. मग आवाजावर विश्वास बसला. मग माझा खांदा वर आला. तो खालून येणारा वार मी जन्मात पहिल्यांदा नीट काढला, आणि माझा मित्र माझ्यापुढे पडला.

लोकांनी मला उचलले. त्या गर्दीतून मी खाली पाहिले. टेकचंदभाऊ मातीतच पडून होते, मेलेल्याने उठायचे नसते म्हणून. एक डोळा उघडून माझ्याकडे बघत होते.

पुढच्या वर्षी मला जवळच्या गावात शिक्षकाची नोकरी लागली. मुलाखतीला गेलो तेव्हा खांदा वर होता. याचे श्रेय मी कोणाला देतो हे मी त्यांना कधी सांगितले नाही, त्यांनाही विचारायचे नव्हते. पण दर दिवाळीत मी गावी येत होतो आणि दर मंडईत ते माझ्यासाठी येत होते, माझा वार जाईल तिथे. तालुक्यातले लोक अजून मला तलवारबाज समजतात. बसमध्ये मला जागा देतात. मी बसतो.

गेल्या उन्हाळ्यात घरी गेलो तर त्यांच्या अंगणात पुन्हा खड्डा होता आणि खड्ड्यात धान. मी विचारले, जुनी ढाल फाटली का. म्हणाले, नाही, ही तुझी. त्यांचा डावा खांदा आता रात्री दुखत होता. या मंडईला शेवटचे मरू आणि मग पुढे तू मर, असे म्हणाले, अगदी सहज.

मी म्हणालो, मला तलवारच कशीबशी येते.

"तलवार कोनीबी घेईन. पोट्टे रांगेत उभे हायेत," ते म्हणाले. "ढाल कोन घेईन? ते जागा लय मुश्किलीनं भेटली होती घनश्याम. रिकामी राहू नाई."

मी हो म्हटले. त्यांनी लगेच माझा डावा हात ओढून घेतला आणि पळसाच्या मुळीच्या दोरीने माप घेतले. कोपराच्या खाली एक गाठ, मनगटावर एक गाठ. उजव्या हाताच्या अंगठ्याने दोरी दाबून धरली होती. दुपट्टा बाजेवर पडला होता. माझ्यासमोर तो हात त्यांनी झाकला नाही, हे माझ्या नंतर लक्षात आले.

मग सूप दिले आणि पहिला धडा शिकवला. ढाल अंगाला चिकटवायची नाही. पुढे धरायची, जरा लांब, म्हणजे तिच्यामागे तुला आणि तिच्यापुढे त्याला, दोघांनाही जागा राहते. निर्मलाबाई खराटा घेऊन आल्या. मला बरेच लागले. टेकचंदभाऊ बाजेवर बसून हसत होते. बाकीचे धडे धान निसवल्यावर, लोंब्या बाहेर आल्या की शिकवतो म्हणाले. रोवणीच्या दिवसांत कोणाला सवड असते?

धान निसवायच्या आत ते गेले.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी निर्मलाबाईंनी मला बोलावले. गोठ्यातून नवी ढाल आणून माझ्यापुढे ठेवली. मीही टेकचंदभाऊंच्या सवयीने ती आधी उलटी केली. गादी भरलेली होती, नवा कापूस, घट्ट टाके. कोपराकडचा बंद बसवलेला होता. मनगटाकडचा बंद कापून, तेल लावून, गुंडाळून ठेवला होता. त्याची दोन कडी आणि दोन फुले एका चिंधीत होती. मापाची दोरी त्याच चिंधीला बांधलेली, दोन्ही गाठी तशाच.

मी हात घातला. एका बंदावर ढाल ठरत नाही, ती कोपराभोवती फिरते. मी दुसऱ्या हाताने ती धरून सरळ केली आणि छातीपुढे आणली, जरा लांब. निर्मलाबाई समोर उभ्या होत्या. त्यांना दोन फुले दिसत होती. उरलेल्या दोन जागी टोच्याने भोके पाडून ठेवलेली होती, आणि त्यांतून मला त्यांच्या लुगड्याचा काठ दिसत होता.